पार्सल भिवंडीत का अडकतं आणि ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ कोण लिहितं

ट्रॅकिंगच्या पानावर ‘भिवंडी’ दिसलं की ठाण्यातल्या माणसाला आधी हायसं वाटतं. माजिवड्याहून भिवंडी ती केवढीशी लांब! मग पुढचा दिवस जातो, त्याच्या पुढचाही जातो, भिवंडी काही हलत नाही. एके दिवशी सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ झळकतं, घरातलं कोणीतरी अंघोळसुद्धा घाईत उरकून बेलकडे कान लावून बसतं, आणि संध्याकाळी मेसेज येतो: ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’. अशा वेळी आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो तो बहुतेकदा या साखळीतला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी पैसे मिळणारा माणूस असतो. राग रास्तच आहे. पण पार्सल नेमकं कुठे आणि का थांबतं हे ठाऊक असेल तर तो राग योग्य खिडकीवर काढता येतो, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गोष्ट ट्रॅकिंगची. पार्सल या क्षणी कुठे आहे हे ते पान सांगतच नाही. पार्सलवरचा बारकोड शेवटचा कुठे वाचला गेला, एवढंच ते सांगतं. एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या वहीत गाडी सुटल्याची नोंद असते, तसंच हे. गाडी साडेनऊला निघाली हे वहीत सापडेल, ती आत्ता खारेगावच्या खाडीपुलावर उभी आहे की कुठे पंक्चर काढतेय हे वही सांगणार नाही. त्यातही एक मेख आहे. हबमध्ये, म्हणजे पार्सलं गोळा करून पुढे वाटण्याच्या केंद्रात, एकाच दिशेची पार्सलं एका मोठ्या पिशवीत भरतात, पिशवीला सील लावतात आणि सीलवरचा एकच बारकोड स्कॅन करतात. त्याबरोबर आतल्या सगळ्या पार्सलांची नोंद एकदम पुढे सरकते. तुमचा डबा घाईत चुकून वसईच्या पिशवीत पडला असेल, तर ट्रॅकिंग खुशाल सांगत राहतं की तो ठाण्याला पोहोचला. वसईत कोणीतरी पिशवी उलटी करतो, डबा हातात घेऊन वैतागतो, त्यावर ‘मिसराउट’चा, म्हणजे भलत्या वाटेला गेल्याचा, शेरा मारतो आणि मगच आपल्याला खरं काय ते कळतं. पानावर दोन-तीन दिवस काहीच हालचाल दिसली नाही आणि मग एखादं भलतंच गाव उगवलं, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

आता भिवंडीच का, ते बघू. याचं मूळ जकातीत आहे. मुंबईत माल आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागे. म्हणून माल शहराच्या हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा थोडा थोडा आत न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा सोयीचा हिशेब होता. भिवंडी तालुक्यात ग्रामपंचायतींच्या हद्दीत जमीन मुबलक आणि स्वस्त, नाशिककडे जाणारा महामार्ग दारात, न्हावा-शेवाचं बंदरही आवाक्यात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या गावांत शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली ती अशी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. कारण राज्याराज्याच्या करांसाठी प्रत्येक ठिकाणी छोटं गोदाम ठेवायची गरज संपली आणि कंपन्यांना एकाच ठिकाणी अवाढव्य गोदाम परवडू लागलं. ऑनलाइन खरेदीचा सुकाळ नेमका याच काळातला.

त्यामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या सगळ्या पट्ट्याची मोठी वर्गवारी भिवंडीच्या आसपास होते. इथे एक गंमत घडते, निदान लांबून बघणाऱ्याला गंमत वाटावी अशी. पुण्याहून खारघरला निघालेलं पार्सल द्रुतगती मार्गानं कळंबोलीला उतरतं, म्हणजे खारघरच्या अगदी तोंडाशी येतं आणि तिथून सरळ पुढे निघून जातं. भिवंडीला जातं, तिथे उतरतं, वर्गवारी होते, दुसऱ्या टेम्पोत चढतं आणि शिळफाटा किंवा ठाणे-बेलापूर रोड धरून पुन्हा खारघरला येतं. वेडेपणा वाटतो ना? पण प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला वेगळी गाडी सोडायची तर त्या अर्ध्या रिकाम्या धावतील. सगळं एका मोठ्या हबमध्ये गोळा करून तिथून वाटलं की गाड्या भरून जातात आणि दर उतरतो. आपल्याला मिळणारी ‘फ्री डिलिव्हरी’ या वळशाच्या जिवावर चालते. वळसा हा मुळात दोष नव्हे. हब तुंबला की मात्र सगळ्या दिशांचं पार्सल एकदम अडतं, कारण दुसरी वाटच ठेवलेली नसते.

हब तुंबतो कसा? रस्त्यावर पार्सलचा जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट जमिनीवर पडून राहण्यात जातो. प्रत्येक गाडीची सुटायची वेळ ठरलेली असते, तिला ‘कट-ऑफ’ म्हणतात. कट-ऑफच्या दहा मिनिटं नंतर उतरलेला माल पुढच्या गाडीची वाट बघतो, आणि पुढची गाडी बऱ्याचदा दुसऱ्या रात्री असते. म्हणजे मानकोली नाक्यावर दहा मिनिटांची कोंडी आणि तुमच्या घरी एका दिवसाचा उशीर, असं हे त्रैराशिक. त्यात गर्दीच्या वेळी ठाणे शहरात अवजड वाहनांना बंदी असते, घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं वर्षानुवर्षं चाललेली आणि पावसाळ्यात साकेतच्या पुलावरचे खड्डे आहेतच. दिवाळीच्या सेलमध्ये आणखी एक भर पडते: ट्रक वजनाच्या आधी जागेनं भरतो. पाव किलोच्या उशीला अख्ख्या मिक्सरएवढी जागा लागते. मग उरलेला माल ‘उद्या चढवू’ म्हणून तिथेच राहतो. वर नवा माल येऊन पडतो, कालचा खाली दबतो आणि आधी आलेलं शेवटी निघतं. तुमच्यानंतर मागवलेलं शेजाऱ्यांचं पार्सल आधी आलं तर त्यात त्यांचा काही वशिला नसतो.

हबमधली सकाळ

भिवंडीहून निघालेली पिशवी येते ती शेवटच्या टप्प्याच्या छोट्या हबमध्ये. वागळे इस्टेट, कोलशेत, महापे, तुर्भे अशा भागांत भाड्याचा एखादा गाळा. बाहेर कंपनीचा फ्लेक्स असेल-नसेल. सकाळी सातच्या सुमाराला टेम्पो लागतो, शटर वर जातं आणि पिशव्या फरशीवर रित्या होतात. इथे सरकते पट्टे वगैरे काही नसतं. दोन-तीन पोरं उकिडवी बसून खोक्यांवरचे पत्ते वाचतात आणि भिंतीलगत खडूनं किंवा चिकटपट्टीनं आखलेल्या चौकोनांत खोकी भिरकावतात. ‘मानपाडा’, ‘हिरानंदानी’, ‘कासारवडवली’, ‘ओवळा’. ‘फ्रॅजाइल’ लिहिलेलं खोकं कसं उडतं, ते त्याच्या मालकानं न बघितलेलं बरं. मग रायडर, म्हणजे आपल्या दारापर्यंत येणारा माणूस, आपापल्या चौकोनातलं एकेक खोकं फोनच्या कॅमेऱ्यानं टिपतो आणि पाठीवरच्या त्या अगडबंब पिशवीत कोंबतो. मावलं नाही ते टाकीवर, उरलेलं पायांमध्ये. याच टिपण्यानं तुमच्या फोनवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ येतं. तो अजून गाळ्यातच असतो, चहासुद्धा झालेला नसतो.

त्याला बहुधा पगार नसतो, पोहोचवलेल्या पार्सलमागे काही रुपये मिळतात. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पावती फाडली गेली तर तीही त्याचीच. म्हणजे एका खोक्यामागे किती मिनिटं जातात यावर त्याची दिवसाची कमाई ठरते. आता घोडबंदरचं एखादं मोठं संकुल डोळ्यांसमोर आणा. गेटवर नाव, फ्लॅट, फोन नंबर, फोटो. ॲपवर घरच्यांनी मंजुरी द्यायची. गाडी बाहेर लावायची. पाहुण्यांची लिफ्ट त्याला चालत नाही, सर्व्हिस लिफ्ट कामवाल्या ताई आणि गॅस सिलिंडरसाठी अडलेली. सत्ताविसाव्या मजल्यावर जाऊन खाली यायला लागणाऱ्या वेळात चाळीत किंवा जुन्या चार मजली इमारतीत पाच-सहा डिलिव्हऱ्या उरकतात. आपल्या सोसायट्यांनी सुरक्षेचे नियम करताना हा वेळ कोणाच्या खिशातून जातो याचा विचार केला नाही, हे कबूल करायला हवं. म्हणून तो गेटवरून फोन करतो: ‘वॉचमनकडे ठेवू का?’

आणि संध्याकाळ झाली, पिशवीत पंधरा खोकी उरली, की तो कुप्रसिद्ध शेरा येतो. बाहेर नेलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद दिवसअखेर बंद करावी लागते: पोहोचलं, किंवा पोहोचलं नाही आणि का. कारणांची यादी ॲपमध्ये तयार असते. घर बंद, ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, ग्राहकानं दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, घेण्यास नकार. ‘वेळच पुरला नाही’ हे लिहिलं तर ठपका हबवर येतो. ‘घर बंद’ लिहिलं तर ठपका तुमच्यावर जातो आणि हबचा आकडा स्वच्छ राहतो. बऱ्याच ठिकाणी हे रायडरच्या मनातलं नसतं, ‘क्लोज कर’ असा वरूनच निरोप असतो. यावर उतारा म्हणून काही कंपन्यांनी न पोहोचल्याच्या शेऱ्यालाही ग्राहकाचा ओटीपी लागेल अशी सोय केली आहे. जिथे ती आहे तिथे हे खोटे शेरे टाकणं अवघड जातं.

कुरिअरचं गिऱ्हाईक कोण?

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी व्यवस्था आहे, आणि माझ्या मते ती कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. ऑनलाइन खरेदीत कुरिअर कंपनीचे गिऱ्हाईक आपण नसतोच. तिला पैसे देतो तो विक्रेता किंवा प्लॅटफॉर्म. आपण ‘डिलिव्हरी चार्जेस’ भरले तरी ते त्यांच्याकडेच जातात. करार त्यांच्यात, दर त्यांच्यात, किती टक्के पार्सलं वेळेत गेली पाहिजेत आणि नाही गेली तर काय, हेही त्यांच्यातच. ट्रॅकिंगचं पानसुद्धा मुळात त्या दोघांच्या हिशेबाचं खातं आहे, आपल्याला ते नुसतं डोकावून बघायला मिळतं. म्हणून कस्टमर केअरला फोन लावला की तिकडची मुलगी आपल्यालाच दिसणारं पान आपल्याला वाचून दाखवते. भिवंडीतल्या फरशीवरचं खोकं उचलून वर ठेवण्याची सत्ता तिच्या हातात नाही.

लहान विक्रेते तर कुरिअर स्वतः निवडतही नाहीत. एका सॉफ्टवेअरवर पाच-सात कंपन्यांचे दर समोर येतात आणि स्वस्त असेल त्याचं लेबल छापलं जातं. रुपया-दोन रुपयांवर काम मिळतं किंवा जातं. पिळायला जागा उरते ती शेवटच्या टप्प्यात: गाळा लहान, माणसं कमी, रायडरचा दर खाली. पूर्वी नौपाड्यात किंवा वाशीच्या सेक्टरांत एकच कुरिअरवाला वर्षानुवर्षं यायचा, जोशी काकू दुपारी झोपतात हेसुद्धा त्याला पाठ असायचं. आजचा रायडर महिन्या-दोन महिन्यांत दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या ॲपकडे जातो, कारण तिथे फेरी छोटी आणि पैसे रोजच्या रोज दिसतात. त्याच्याबरोबर गल्ल्यांची माहितीही जाते. सेवा ढासळली असं आपण म्हणतो त्यातला मोठा वाटा या गळतीचा आहे असं मला वाटतं.

आपण स्वतः कुरिअर करतो तेव्हा चित्र वेगळं, पण फार सुखाचं नाही. झेरॉक्सच्या दुकानातलं बुकिंग काउंटर ही बहुधा फ्रँचायझी असते आणि पलीकडच्या गावात पाकीट पोहोचवणारी दुसरीच. पैसे बुकिंगवाल्याकडे जमा होतात, पोहोचवणाऱ्याच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो. आडगावची चार पाकिटं साठेपर्यंत तो निघत नाही. राखी नारळी पौर्णिमेनंतर पोहोचण्याचं रहस्य हे.

पत्त्याचा घोळ

नवी मुंबईकरांनी इथे जरा जास्त लक्ष द्यावं. सिडकोनं शहर वसवलं ते नोडांमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळ अशा वेगवेगळ्या भागांत, आणि प्रत्येक नोडात सेक्टर पुन्हा एकपासून सुरू. सेक्टर १९ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, कोपरखैरण्यात आहे, खारघरमध्येही आहे. ‘सेक्टर १९, नवी मुंबई’ एवढ्या पत्त्यावर पार्सल येणं म्हणजे लॉटरी. नोडचं नाव आणि प्लॉट नंबर हवाच, कारण इमारतींची नावंही तीच तीच: साई अमुक आणि शिव तमुक.

मशीन आधी वाचतं तो पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं केली. हे गृहस्थ संस्कृत कवी होते. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यानं वर्गवारीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आता गंमत बघा: बेलापूर ४००६१४ आणि त्याच्या पुढचंच स्टेशन खारघर ४१०२१०. म्हणजे पिनकोडच्या लेखी बेलापूर मुंबईच्या घरात आणि खारघर लोणावळ्याच्या (४१०४०१) पंक्तीला. दोन्हीकडच्या वस्तीला आपण एकच शहर समजतो, आणि ‘नवी मुंबई म्हणजे ४०० नं सुरू होणार’ या समजुतीनं नातेवाईक खारघरच्या पत्त्यावर भलताच पिन टाकतात. मशीन तो पिन प्रमाण मानतं, खाली लिहिलेलं ‘खारघर’ वाचत नाही. घोडबंदर रोडवरही सोसायटी एकाच रस्त्यावर असून पिन वेगळा, हा प्रकार आहे. शेजारच्या संकुलाचा पिन अंदाजानं टाकू नये, वीजबिलावर बघून टाकावा.

टपाल खात्यानं २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. देशाच्या नकाशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. कल्पना उत्तम. पण सव्विसावा मजला आणि तळमजला एकाच चौकोनात येतात, तेव्हा फ्लॅट नंबर लिहायची सुटका नाही.

मग करायचं काय

खोटा ‘कस्टमर नॉट अव्हेलेबल’ आला तर त्याच संध्याकाळी हालचाल करावी. असा शेरा पडला की विक्रेत्याला विचारणा जाते: पुन्हा पाठवायचं की परत फिरवायचं? ठराविक फेऱ्या झाल्या, किंवा उत्तरच आलं नाही, की पार्सल परतीच्या वाटेला लागतं आणि मग ते कोणाच्या बापाला थांबत नाही. म्हणून विक्रेत्याला किंवा प्लॅटफॉर्मला लेखी कळवा: ‘घरी होतो, फोन आला नाही, पुन्हा पाठवा.’ सोबत कॉल लॉगचा आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जोडा, कारण पानावरच्या नोंदी नंतर बदललेल्या दिसू शकतात. गेटवरच्या ॲपमध्ये त्या दिवशी कोणी रायडर आलाच नव्हता हे दिसत असेल, तर त्याच्यासारखा पुरावा नाही. हबचा पत्ता मिळाला तर स्वतः जाऊन आणणं हाही जुना-जाणता मार्ग आहे, सकाळी रायडर निघायच्या आत गेलं तर.

वाट बघणाऱ्या माणसावर भामट्यांचाही डोळा असतो. ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ अशी लिंक आली तर उघडू नये. ‘रायडरशी बोलण्यासाठी स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर डायल करा’ असं कोणी सांगितलं तर ते कॉल फॉरवर्डिंग असतं. तुमचे फोन, आणि फोनवर सांगितले जाणारे बँकेचे ओटीपीही, तिकडे जातात. चुकून डायल झालंच तर ##००२# डायल करून ते रद्द करता येतं. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा.

आता कायदा. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये आले. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असं त्यांत आहे. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. पूर, दंगल यांसारख्या हाताबाहेरच्या कारणांचा अपवाद सोडून. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. लग्नासाठी मागवलेली पैठणी लग्नानंतर आली तर ‘रिटर्न विंडो नाही’ हे उत्तर मुकाट ऐकून घ्यायचं कारण नाही. नुसत्या चॅटवर भांडण्यापेक्षा ‘मुदतीनंतर पोहोचलं’ असे शब्द लिहून तक्रार क्रमांक घ्यावा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

स्वतः बुक केलेल्या कुरिअरमध्ये खरा धोका डॉकेटच्या, म्हणजे बुकिंगच्या पावतीच्या, मागच्या बारीक अक्षरांत असतो: ‘आमची जबाबदारी अमुक रुपयांपर्यंतच.’ १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशी मर्यादा ग्राह्य धरली. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं वेळेत पोहोचली नाहीत, विक्रीचा हंगाम हुकला, नुकसान लाखांत. भरपाई मात्र सही केलेल्या अटीप्रमाणे १०० डॉलर. सही नसेल किंवा अटी समजावल्याच नसतील तर ही मर्यादा लागू होत नाही, असेही निकाल ग्राहक आयोगांनी दिले आहेत. पण मूळ दाखले, मालमत्तेचे कागद असं काही पाठवताना वस्तूची किंमत जाहीर करून विमा घ्यावा. काउंटरवरचा माणूस ‘काही होत नाही साहेब’ म्हणेल, तरी घ्यावा.

एवढं करूनही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आणि २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. विक्रेता सुरतेचा असो की गुरुग्रामचा, ठाणेकरानं तिकडे खेटे घालायची गरज नाही.